उशिरा उठणारी माणसे

भूल देणाऱ्या डॉक्टरची आठवण कोणाला राहत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव रोगी नातवंडांना सांगतो, टाके काढणाऱ्या नर्सबाईंना दिवाळीचा फराळ पाठवतो. पण ज्याने त्याला झोपवले आणि पुन्हा उठवले, तो माणूस त्याने पाहिलेला असतो अर्धे मिनिट, आणि तोही तोंडाला फडके बांधलेला. याची मला कधी खंत वाटली नाही. उलट एखादा रोगी दुसऱ्या दिवशी म्हणाला, "डॉक्टर, टेबलावर असताना तुमचा आवाज ऐकू येत होता बरं का," तर माझ्या पोटात गोळा उठतो. नांदेडात भूल देण्यात माझी तीस वर्षे गेली. त्या तीस वर्षांत ज्या एका प्रश्नाने मला सतत अवघडल्यासारखे केले, तो मात्र औषधाच्या पुस्तकातला नव्हता. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी खाटेजवळ जाऊन, वजन किती, दमा आहे का, दात हलतो का, असे विचारता विचारता मला हळूच विचारावे लागे, "तुम्ही कोमटी का?"

चांगल्या घरात वाढलेल्या, चार पुस्तके वाचलेल्या माणसाने दुसऱ्याची जात विचारू नये, हे माझ्या वडिलांनी मला शिकवले होते. आणि विचारायचीच तर 'आर्य वैश्य' म्हणावे. 'कोमटी' या शब्दाला आपल्याकडे उगाच कंजूषपणाचा वास चिकटवून ठेवला आहे. देगलूरच्या बाजूचे एक किराणा व्यापारी तर माझा प्रश्न ऐकून उशीवरून उठून बसले. "का हो? बिल वाढवायला विचारता काय?" मी हसलो, पण ते हसले नाहीत. त्यांना समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. तोच पाऊण तास वाचकांपुढेही खर्च करावा म्हणतो.

भूल म्हणजे झोप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. झोप हा तिचा एक भाग झाला. वेदना कळू न देणे हा दुसरा. आणि तिसरा, ज्याची बाहेर फारशी वार्ता नसते, तो म्हणजे स्नायू सैल करणे. पोट उघडायचे तर पोटाची भिंत ढिली हवी. श्वासनलिकेत नळी घालायची तर जबडा आणि कंठ सैल हवा. पूर्वी हे साधण्यासाठी ईथर इतके द्यावे लागे की रोगी मरणाच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला लावत ते क्युरारी नावाचे विष या कामी आले. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन या दोघांनी ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरले, आणि आमचा धंदा त्या दिवसापासून पालटला.

पण क्युरारी माणसाला गुंगवते की नुसते लुळे करते, याविषयी त्या काळी वाद होता. १९४७ साली अमेरिकेतल्या यूटामध्ये स्कॉट स्मिथ नावाच्या डॉक्टरने हा वाद स्वतःच्या अंगावर मिटवला. श्वास बंद पाडणाऱ्या मात्रेच्या जवळजवळ अडीचपट औषध, कोणतीही गुंगी न घेता, त्याने टोचून घेतले. सहकारी त्याला हाताने श्वास देत राहिले. उतार पडल्यावर त्याने सारे सांगितले: कोण काय बोलले, कोणी कुठे स्पर्श केला. बुद्धी लख्ख होती. फक्त बोटही हलत नव्हते. मला या माणसाचे धैर्य थोर वाटते, पण त्याला निदान ठाऊक होते की आपल्याला काय झाले आहे आणि ते किती वेळ टिकेल. पुढे जिची गोष्ट सांगणार आहे त्या बाईला यातले काहीच ठाऊक नव्हते.

क्युरारी अंगात रेंगाळते. आम्हाला हवे होते झटकन येऊन झटकन जाणारे औषध. ते सापडले सक्सिनिलकोलीन या नावाने. खरे तर ते १९०६ सालीच हंट आणि टॅव्हो या दोघा अमेरिकनांच्या हाती आले होते. पण ज्या जनावरांवर त्यांनी ते तपासले त्यांना आधीच क्युरारी दिलेले होते. आधीच लुळे पडलेले जनावर लुळे पडले हे कळणार कसे! मग ते औषध चाळीसेक वर्षे नुसते पडून राहिले. १९४९ साली डॅनियल बोव्हे यांनी त्याचा गुण ओळखला आणि १९५१ पासून ते युरोपातल्या इस्पितळांत आले.

या औषधाचे रूप मला नेहमीच गमतीचे वाटते. नसेकडून स्नायूला हुकूम पोचवणारे जे द्रव्य आपल्या शरीरात असते, त्याचे दोन रेणू पाठीला पाठ लावून बांधले की झाले सक्सिनिलकोलीन. स्नायू त्याला घरचाच समजून दार उघडतो. मग सगळ्या अंगावरून एक थरथर जाते, वाऱ्यात पिंपळाची पाने हलावीत तशी, आणि मिनिटभरात अंग शिथिल पडते. पाचदहा मिनिटांत रोगी आपला आपण श्वास घेऊ लागतो. पोट भरलेला रोगी अडीअडचणीला आला, अन्न उलटून फुफ्फुसात जाण्याचे भय असले, तर असे औषध हाताशी असण्याचे मोल काय ते आम्हालाच ठाऊक. शिवाय स्वस्त. तालुक्याच्या गावीही त्याची कुपी मिळते.

आता ते पाचदहा मिनिटांत जाते कसे? रक्तात एक विकर असतो, ब्युटिरिलकोलिनएस्टरेज नावाचा. तो या औषधाचे तुकडे करतो, आणि इतक्या सपाट्याने की शिरेत टोचलेल्यातला फार मोठा भाग स्नायूपर्यंत पोचतच नाही. वाटेतच संपतो. आम्ही मात्रा ठरवतो ती ही नासाडी गृहीत धरून. या विकराचे शरीरात मूळ काम काय, याचे नीट उत्तर शास्त्रज्ञांजवळही नाही. ज्याच्या रक्तात तो मुळीच नाही तो माणूसही धडधाकट असतो. शेती करतो, दुकान चालवतो, सत्तरी ओलांडतो. त्याला ना ताप ना खोकला. त्याच्या अंगातली ही उणीव उघडी पडते ती फक्त आमच्या टेबलावर. त्याला सक्सिनिलकोलीन दिले की वाटेत तोडणारा कोणी नाही. सगळीच्या सगळी मात्रा स्नायूंवर जाऊन बसते, आणि पाच मिनिटांचे काम काही तास चालते.

हे घराण्यात उतरते, हे १९५६-५७ च्या सुमारास कळले. टोरांटोच्या व्हेर्नर कालो यांनी १९५७ साली डिब्युकेन नावाच्या औषधाने हा विकर किती दबतो ते मोजण्याची युक्ती काढली. निरोगी विकर शंभरात सुमारे ८० दबतो, बिघडलेला २० च्या आसपास, आणि ज्यांनी आईकडून चांगला व वडिलांकडून बिघडलेला घेतला ते दोहोंच्या मध्ये. गोऱ्या लोकांत सुमारे ३००० माणसांत एकाच्या वाट्याला दोन्हीकडून बिघडलेला विकर येतो. आपल्याकडच्या वैश्यांत मात्र हे प्रमाण इतरांच्या जवळजवळ शंभरपट आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यातला नेमका दोष सापडला: विकराच्या साखळीतल्या ३०७ व्या जागी ल्यूसिनऐवजी प्रोलीन बसले आहे. एवढ्याशा फरकाने विकर जवळजवळ नाहीसाच होतो. आणि जो नाहीच तो किती दबला हे मोजणार काय? म्हणून इथे कालोसाहेबांचा आकडा फारसा उपयोगी पडत नाही; रक्तात विकराचे बळ किती, हेच सरळ मोजावे लागते.

हे याच समाजात का? कुठल्या तरी एका पूर्वजाच्या अंगी हा दोष असला पाहिजे, आणि समाज दोन-तीन हजार वर्षे आपापसांतच लग्ने करीत राहिला. १०२ गोत्रे, पेनुगोंड्याची वासवी कन्यकापरमेश्वरी, आणि तिच्या नावाने एकत्र राहिलेली माणसे: ही झाली त्यांची परंपरा. त्यात भाचीचे लग्न मामाशी, आत्याच्या मुलीशी. जमीन फुटू नये, नाते तुटू नये, मुलगी परक्यात जाऊ नये, ही त्यामागची माया मी जवळून पाहिली आहे आणि तिला नावे ठेवणारा मी कोण? आमच्या देशस्थांतही मामेबहीण करण्याची चाल होतीच की.

तर असा हा प्रश्न. माझ्या शिकण्याच्या काळात एक ज्येष्ठ डॉक्टर सांगत, "विचारायचं कशाला? यादीतलं आडनाव बघायचं. शेवटी 'वार' आलं की सक्सिनिलकोलीनची कुपी बाजूला." पण तेलंगणाच्या सीमेवरच्या आमच्या मुलखात 'वार' लागणारी आडनावे अनेक जातींत आहेत, आणि 'वार' नसलेले वैश्यही पुष्कळ. आडनावावर विसंबणारा दोन्हीकडून फसतो. शिवाय शेतमजुराच्या अंगात हा विकर जन्मतः भरपूर असला तरी कापसावर फवारणी करताना नाकातोंडात गेलेले विष तोच विकर नासवते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसे दगावली तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्राने वाचले; आम्ही ते दर हंगामात पाहत आलो. अशा माणसाला पुढच्या आठवड्यात हर्नियासाठी टेबलावर घेतले, तर जात विचारून काय कळणार? गरोदर बाई, यकृत बिघडलेला, भाजलेला, उपासमारीने खंगलेला, या साऱ्यांत हा विकर कमी असतो. मी हळूहळू जातीचा प्रश्न मागे टाकत गेलो आणि दुसरा विचारू लागलो: "घरात कोणाला ऑपरेशननंतर उठायला उशीर झाला होता का?"

हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मिळणे मात्र साधे नाही. कारण घरातला पुरुष उत्तर देतो, आणि उशिरा उठलेली माणसे बहुधा बायका असतात.

२०१४ सालच्या पावसाळ्यात, रात्री साडेअकराच्या सुमाराला, एकोणीस वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे घरचे आले. अपेंडिक्स फुटले होते. पोट लाकडासारखे कडक, अंगात ताप, नाडी १३० च्या वर. कमरेत सुई देऊन भागण्यासारखे नव्हते. पूर्ण भूलच हवी होती. जेवण होऊन दोन तास झालेले. सक्सिनिलकोलीन द्यावे अशी ही पाठ्यपुस्तकातली वेळ. मी वडिलांना माझा प्रश्न विचारला. "नाही, नाही, तसं काही नाही," ते म्हणाले, आणि कागदावर सही करू लागले. तेव्हा भिंतीजवळच्या बाकावर बसलेली म्हातारी म्हणाली, "मी उठले नव्हते की रे."

"आई, ती जुनी गोष्ट. आत्ता कशाला?"

"आजी, सांगा," मी म्हणालो. "केव्हाची गोष्ट?"

१९८४ सालची. एका मोठ्या शहरातल्या इस्पितळात त्यांची गर्भपिशवी काढली होती. घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांची जी गोड, अडखळती बोली असते, तीत त्या सांगू लागल्या. "ऐकू येऊलालं, बाबा, सगळं ऐकू येऊलालं. पण पापणी उघडंना. कोणी म्हणालं, ही काय उठत नाही. मी म्हणू लाले, उठले की मी, उठले! पण तोंडच नाही हलायचं. मला वाटलं मेले. मेल्यावर असंच ऐकू येत असेल, असं वाटलं." कोणीतरी रात्रभर फुगा दाबून त्यांना श्वास देत होते. त्या फुग्याचा फस् फस् आवाज आणि कपाळावरून मधूनमधून फिरणारा कोणाचा तरी हात, एवढेच त्यांना धरायला होते. वासवीमातेचे नाव त्या मनात घेत राहिल्या. पहाटे बोट हलले.

ज्याने रात्रभर तो फुगा दाबला त्याला माझा नमस्कार. त्याने करायचे ते केले. या विकाराला दुसरे औषध जवळजवळ नाहीच: नळी काढायची नाही, श्वास देत राहायचे, वाट पाहायची. दात्याच्या रक्तद्रवात हा विकर असतो, तो देता येतो. पण जे घड्याळाने बरे होणार त्यासाठी परक्याचे रक्त कशाला अंगात घ्यायचे? फक्त एक गोष्ट तिथे राहून गेली, आणि ती लहान नव्हती. वाट पाहायची तर रोग्याला झोपवून ठेवायचे. स्नायू मेले म्हणजे माणूस ऐकत नाही असे समजायचे नाही. आणि दुसरे म्हणजे, सकाळी कोणीतरी चार ओळी लिहून द्यायच्या. त्या बाईंना कोणी काही सांगितले नाही. नवऱ्याला एवढेच कळले की बायकोची प्रकृती नाजूक, थोडक्यात वाचली. त्यांनी 'मला ऐकू येत होतं' म्हणून सांगितले तर घरचे म्हणाले, गुंगीतले स्वप्न. तीस वर्षे ते स्वप्नच राहिले. पण घराने त्यातून आपला धडा घेतला होता: आपल्या माणसांना ऑपरेशन सोसत नाही. मुलीचे थोरले काका वीस वर्षे हर्नियाला पट्टा बांधून दुकानात बसत होते, हे मला नंतर कळले.

आता औषध निवडायचे होते. मिव्हाक्युरियम नावाचे एक थोडा वेळ टिकणारे औषध १९९० नंतर आले. नाव वेगळे, जात वेगळी, पण त्याला तोडणारा विकर तोच. म्हणजे तेही बाद. अ‍ॅट्राक्युरियम हे मला फार आवडणारे औषध. स्कॉटलंडात ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात ते घडवले गेले. शरीराच्या ऊबेत ते बरेचसे आपोआप मोडते. यकृत बिघडो, मूत्रपिंड बंद पडो, हा विकर असो वा नसो. पण त्याला काम करायला दोन-तीन मिनिटे लागतात, आणि भरल्या पोटाच्या रोग्याला तेवढा अवकाश देणे धोक्याचे. व्हेक्युरोनियमचेही तेच. त्याची मात्र एक सोय आहे: ते भुकटीच्या रूपात असते, त्याला फ्रिज लागत नाही. मे महिन्यात वीज गेलेल्या तालुक्याच्या इस्पितळात भूल दिली म्हणजे या सोयीची किंमत कळते.

उरले रोक्युरोनियम. मोठ्या मात्रेत, किलोला १.२ मिलिग्रॅम या हिशेबाने दिले तर ते मिनिटभरात सक्सिनिलकोलीनच्या तोडीने स्नायू सैल करते, आणि त्याचा या विकराशी संबंध नाही. खोट एकच: ते तासाभराच्या वर टिकते. नळी जर आत गेली नाही, तर रोगी पाच मिनिटांत आपला आपण श्वास घेऊ लागेल ही आशा त्यात नाही. सुगॅमाडेक्स नावाचे औषध त्याला रक्तातच कवेत घेऊन निष्प्रभ करते. पण ते त्या रात्री आमच्या कपाटात नव्हते, आणि आजही प्रत्येक कपाटात नसते. मी मुलीचे तोंड उघडून पाहिले, मान मागे वळवून पाहिली. जबडा मोकळा, मान लांब. नळी जाईल असे वाटले. दुसरी लहान नळी, तोंडात बसवायचा मुखवटा, गळ्यापाशी छेद द्यायचा चाकू, असे सगळे मांडून ठेवले आणि तिच्या ४८ किलोंना ५८ मिलिग्रॅम रोक्युरोनियम दिले. नळी पहिल्या खेपेस गेली.

शस्त्रक्रियेला दीड तास लागला. मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार बारीक धक्के देऊन अंगठा किती वेळा हलतो ते मी पाहत होतो. चारही ठोके दिसू लागल्यावर उताऱ्याचे औषध दिले. पहाटे अडीचला तिने डोळे उघडले आणि पाणी मागितले. बाहेर जाऊन मी आजींना सांगितले. त्यांनी विचारले, "तिला ऐकू आलं का रे काही?" मी म्हणालो, "नाही, आजी. काही नाही." त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

नंतर सगळ्यांचे रक्त तपासायला पाठवले. आजी आणि नात, दोघींत विकर नावालाही नव्हता. मुलीच्या आईवडिलांत निम्मा. ते आतेमामे भावंडे होती. मी आजींना अहवाल वाचून दाखवला आणि म्हणालो, "तुम्हाला त्या रात्री खरंच ऐकू येत होतं. स्वप्न नव्हतं ते." त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा खाली बघत होता. "ऐकलंस का?" एवढेच त्या म्हणाल्या.

मी अशा प्रत्येक घराला एक कार्ड लिहून देतो. मराठीत आणि इंग्रजीत: या व्यक्तीच्या रक्तात अमुक विकर नाही, सक्सिनिलकोलीन व मिव्हाक्युरियम देऊ नये, सख्ख्या भावंडांचे रक्त तपासावे. बहुतेक कार्डे हरवतात हे मला माहीत आहे. या घराने मात्र व्यापाऱ्याच्या शिस्तीने त्याच्या प्रती काढल्या. एक दुकानाच्या गल्ल्यात, एक देवघरात वासवीमातेच्या तसबिरीमागे, आणि बाकीच्या निजामाबाद, आदिलाबाद, हैदराबादपर्यंतच्या सोयऱ्यांकडे. अजूनही मधूनच अनोळखी माणसाचा फोन येतो आणि तो तेलुगू वळणाच्या मराठीत विचारतो, "डॉक्टरसाब, आमच्या पोरीचं बाळंतपण आहे, ते कार्ड तिलाही लागेल का?" मी म्हणतो, आधी रक्त तपासा.

हर्नियावाले काका दिवाळीनंतर आले. त्यांच्यात विकर निम्मा होता, म्हणजे भीतीचे फारसे कारण नव्हते. तरी मी कमरेत सुई देऊनच भागवले. टेबलावर पडल्या पडल्या ते शस्त्रक्रिया करणाऱ्याला तूरडाळीचा भाव सांगत होते. दुपारी खाटेवर भेटायला गेलो तर म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण चहा फार उशिरा दिलात.